दामोदर हो म्हणेपर्यंत

इनासभाऊ, तुम्ही गेल्यानंतरची पहिली बैठक झाली. म्हणजे माणसं जमली, तुमच्या ओट्यावर बसली, चहा प्याली आणि उठून गेली. ठरलं काहीच नाही. तुम्ही असतात तर याला "बैठक छान झाली" म्हणाला असतात आणि मी कपाळाला हात लावला असता.

थकलेय मी. तुम्हाला हे सांगायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते, पण दुसरं कोणाला सांगू? घरात सांगितलं की सून म्हणते, "मम्मी, सोडा ना आता, कशाला पाहिजे ते बावखल, ते जुनं तळं." तुमच्या रोझीवहिनींना सांगावं तर त्यांचेच डोळे अजून कोरडे झालेले नाहीत. रोज संध्याकाळी मी तुमच्या ओट्यासमोरून जाते आणि पाय आपोआप हळू होतात. आत खुर्चीत बसून "काय बाय, आज कोनावर रागावलीस?" असं विचारणारं कोणी नाही. राग आहे, विचारणारा नाही. असा राग घेऊन घरी जायचं म्हणजे फार जड जातं हो.

तुम्ही आळीत परत आलात तो काळ मला चांगला आठवतो, कारण माझा तो फार वाईट काळ होता. तुम्ही जावा बेटावरच्या सूतगिरणीत उभी हयात घालवून माणिकपूरच्या मागच्या या आपल्या आळीत कायमचे राहायला आला होतात आणि मी नगरसेविकेच्या दुसऱ्या निवडणुकीत नुकतीच पडले होते. जिंकले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पडले तशी आळी सामसूम. त्या संध्याकाळी तुम्ही झाकलेली थाळी घेऊन आलात. आपल्याच वाडीतली राजेळी केळी, पिठात बुडवून तळलेली. मी म्हटलं, "हरलेल्याच्या घरी कोणी गोडधोड घेऊन येतं का?" तुम्ही म्हणालात, "आमच्या तिकडे बैठकीला हेच असतं. हरलेला, जिंकलेला, सगळ्यांना." मग बसलात आणि निवडणुकीबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. त्या दिवशी मी पोटभर केळी खाल्ली आणि तुम्ही गेल्यावर पोटभर रडले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

"आमच्या तिकडे" हा शब्द मात्र तुम्ही इतका वापरलात की पोरं तुम्हाला पाठीमागे "आमच्या-तिकडेवाले" म्हणायची. जन्म वसईचा, बाप्तिस्मा इथला, आणि "आमच्या तिकडे" म्हणजे जावातलं बांडुंग! रोझीवहिनी हसून सांगायच्या, तिथे असताना हा माणूस सगळ्यांना "आमच्या तिकडे वसईला" म्हणून कंटाळा आणायचा. जिथे नसाल तिथलं तुमचं गाव.

तुमची ती पहिल्या दिवसाची गोष्ट मला पाठ झाली होती. नव्या देशात नवं घर, सामान अजून बांधलेलं, आणि शेजारीण सांगते, "पाक एर्तेकडे जाऊन या, नाव सांगून या." पाक म्हणजे आपल्याकडे काका म्हणतो तसं, आणि एर्ते म्हणजे आळीचा प्रमुख. तुम्हाला वाटलं पोलिसांची भानगड. इस्त्रीचा शर्ट घालून, कागदपत्रं घेऊन गेलात, तर पाक एर्ते हाफ पँटवर सायकलचं पंक्चर काढत बसलेला. त्याला पगार नाही, ऑफिस नाही. आळीतल्या घरांनी निवडलेला सायकलवाला. कोण आजारी, कोणाकडे बाळंतपण, कुठलं गटार तुंबलं, सगळं त्याच्या डोक्यात. तुमच्या सामानाचा टेम्पो त्यानेच चार माणसं बोलावून उतरवून दिला. गोतोंग रोयोंग, तुम्ही सांगायचात, ओझं सगळ्यांनी मिळून उचलायचं. मी म्हणायचे, "भाऊ, याला आपल्याकडे गाव करी ते राव न करी म्हणतात. त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नव्हती." तुम्ही म्हणायचात, "म्हणतात, बाय. करतात कुठे?"

आणि करायला लागलात. आधी नाक्यावरच्या आंब्याला तो पोकळ लाकडी ओंडका टांगलात, मधे चीर पाडलेला, केंतोंगान. सावकाश ठोके म्हणजे बैठक, न थांबता भराभर ठोके म्हणजे धोका, धावत या. मग दर महिन्याच्या एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की गटारसफाई. मी खवळले होते. भर रस्त्यात म्हटलं, "हे आपलं काम नाही. आपण कर भरतो. आपण फुकटात केलं तर ज्यांनी करायचं ते जन्मात करणार नाहीत. सरकारला असे लाड दाखवायचे नसतात." तुम्ही फावडं टेकवून शांतपणे विचारलंत, "बरोबर. तू त्यांच्याकडून करून घे. पण तोवर डास कोनाचे?" लोक हसले. मला इतका राग आला की मी तशीच पालिकेच्या कार्यालयात गेले आणि गटाराचं काम मंजूर करून आणलं. आल्यावर तुम्ही सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्यात. आजही मला कळत नाही की तेव्हा मी जिंकले की तुम्ही मला कामाला लावलंत.

लाकडाच्या ओंडक्याला मी "इनासभाऊंचा खोका" म्हणायचे. पाणी आलं त्या वर्षापर्यंत. आजूबाजूची शेतं भरून इमारती झाल्या, पाण्याला जायला वाट राहिली नाही आणि एका सकाळी ते आपल्या घरांत शिरलं. मोबाइल बंद, वीज बंद. तेव्हा तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तो खोका बडवत होतात. त्या आवाजावर सगळी आळी धावली. बावखलाकडच्या दामोदरच्या आईला खुर्चीसकट उचलून तुमच्या माडीवर नेलं ते याच हाकेवर. पुढे टाळेबंदीत मागच्या खोल्यांतल्या भाडेकरू मजुरांच्या चुली तुमच्या डब्यांवर पेटल्या. प्रत्येक दाराला टांगलेला रिकामा डबा आणि रोज एक मूठ तांदूळ. "मुठीने राज्य चालत नाही," असं मी म्हणाले होते. राज्य नाही चाललं, पण माणसं जेवली. एवढं मी तुमच्या तोंडावर कबूल केलं होतं, आठवतं ना? तुम्ही म्हणालात, "आता केळी खा."

पण बैठकीवरून आपलं कधीच जमलं नाही. तुमच्या बैठकीत हात वर करायचे नाहीत. मत मोजायचं नाही. सगळे हो म्हणेपर्यंत बोलत बसायचं, आज नाही तर पुढच्या रविवारी. याला तिकडे मुशावरा म्हणतात असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे मसलत. आमच्या पक्षात पण करायचे. ठरवून यायचे आणि मग मसलत करायचे." मी निवडणुकीतली बाई. माझ्या लेखी डोकी मोजल्याशिवाय निर्णय नाही. तुमच्या पद्धतीत घोंगडं भिजत पडायचं आणि वास आम्ही घ्यायचा.

एकदा मी फार लागेल असं बोलले. म्हटलं, "तुमच्या तिकडे इतकी वर्षं एकच माणूस गादीवर होता. सगळे हो म्हणायचे, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. तुमचा तो पाक एर्ते कोण कुठे जातो याची खबर वर पोचवत नव्हता कशावरून? मुकाट्याने मान हलवणाऱ्यांना तुम्ही एकमत म्हणता." तुम्ही काही दिवस ओट्यावर दिसलाच नाहीत. मला वाटलं, दुखावले. मग एका दुपारी येऊन उभ्या उभ्या म्हणालात, "खरं आहे तुझं. मीपण मान हलवायचो. परदेशी माणूस, नोकरी टिकवायची होती. भीतीचं हो आणि मनातलं हो, बाहेरून सारखंच दिसतं, बाय. म्हणून तर इथे नाही म्हणणाऱ्याला मी बाहेर घालवत नाही. नाही म्हणणारा बसलाय, तोवर कोणी घाबरलेलं नाही असं समजायचं."

याच्यावरचं उत्तर मी अजून शोधतेय.

त्याच दुपारी तुम्ही त्या वाण्याची गोष्ट सांगितलीत. त्या देशात जाळपोळ झाली त्या वर्षीची. तुमच्या गल्लीत चिनी वंशाचा एक वाणी होता, आणि शहरात अशांची दुकानं पेटवत होते. पाक एर्तेने खोका वाजवला, माणसं चटईवर बसली. वाण्याच्या दुकानासमोर पहारा द्यायचा का? एक सोडून सगळे हो म्हणाले. त्या एकाचं वाण्याशी जुनं वैर. मोजदाद केली असती तर काम दोन मिनिटांत झालं असतं. पण पाक एर्ते त्या एकाशी बोलतच राहिला. त्याच्या वैराची सगळी गोष्ट ऐकून घेतली, वाण्यालाही ऐकायला लावली. शेवटी तो माणूस उठला आणि जाऊन दुकानाच्या बंद दारापुढे स्वतः बसला. जमाव गल्लीच्या तोंडापर्यंत आला. त्यांच्यातल्या दोघातिघांना ते वैर ठाऊक होतं. तोच माणूस दारात बसलेला बघितला आणि ते परत फिरले.

"मतदानात हरलेला माणूस दारात बसत नाही," तुम्ही म्हणालात. "तो घरी जातो. आणि घरी जाऊन काय करतो ते आपल्याला कळत नाही."

ऐकायला सुंदर गोष्ट. पण इनासभाऊ, तुमच्या पाक एर्तेला दामोदर भेटला नव्हता.

बावखलाचं प्रकरण सुरू झालं आणि मला तुमच्या त्या गोष्टीचा वीट आला. आपल्या आजोबा-पणजोबांनी वाड्यांना पाणी द्यायला खोदलेलं तळं, आळीतल्या सगळ्या घरांचं सामाईक. त्याच्यामुळे विहिरी गोड राहिल्या आणि पावसाचं पाणी त्याच्यातच मावलं, हे पाणी घरात शिरल्यावर आपल्याला समजलं. गाळ काढून ते खोल करायचं म्हणून आपण बसलो, तर दामोदर उभा राहिला. पलीकडे इमारत बांधणाऱ्याने त्याला सांगितलं होतं, तळं भरून देतो, वर फरसबंदी करून देतो, तुमच्या पोराचा टेम्पो आरामात उभा राहील. पोरगा कामणच्या गोदामांतून माल उचलतो, टेम्पो हमरस्त्यावर ठेवावा लागतो, दोनदा काच फुटली. "पान्यात काय ठेवलंय, सुनंदाबाय?" तो मला म्हणाला. "डास ठेवलेत. माज्या पोराची रोजी रस्त्यावर उभी हाय ती कोन बगतो?"

आणि घोळ असा की तळ्याकडे गाडी जायला वाट एकच, दामोदरच्या अंगणातून. त्याने वाट दिली तर भरावाचे डंपर आत येणार, आणि त्यानेच वाट दिली तर गाळ काढायचं यंत्रही आत जाणार. मी म्हटलं, सोपं आहे. बाकी सगळी घरं आपल्या बाजूला आहेत. ठराव करू, मी तो घेऊन कार्यालयात जाते, आदेश आणते, वाट उघडते. अशी कामं मी केलेली आहेत. तुम्ही म्हणालात, "थांबू या. दामोदर हो म्हणेपर्यंत." पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. दामोदर यायचा, भांडायचा, तुमची केळी खायचा आणि नाही म्हणून जायचा. पालथ्या घड्यावर पाणी. मी शेवटी ओरडले, "भाऊ, पाऊस तुमच्या दामोदरसाठी थांबणार आहे का?" तुम्ही म्हणालात, "नाही. म्हणून तर रोज त्याच्याकडे जातो."

खरंच जायचात. छातीत दुखत असताना जायचात, हे वहिनींनी मला तुम्हाला मातीत ठेवून आल्यावर सांगितलं. त्या क्षणी मी दामोदरवर इतकी चिडले होते की बघायलाही नको वाटलं. आणि मग आठवलं, तुमच्या पेटीला पुढचा खांदा त्याचाच होता. चर्चपासून दफनभूमीपर्यंत बदलला नाही त्याने. दुसरे खांदा द्यायला पुढे सरकायचे, तो नकाराची मान हलवायचा.

इस्पितळात आपण शेवटचे भेटलो ते आठवलं की मला अजून राग येतो. मी काय काय बोलायचं ठरवून आले होते. त्या पहिल्या केळ्यांबद्दल. सगळ्यांनी पाठ फिरवल्यावर तुम्ही मला पुन्हा माणसांत आणून बसवलंत, त्याबद्दल. तुम्ही तोंडावरचा मास्क सरकवलात आणि विचारलंत, "दामोदर काय म्हणतो?" बस्स. मी म्हटलं, "त्याचं सोडा, तुम्ही पडून राहा." नर्सने मास्क परत लावला. इतक्या वर्षांच्या ओळखीतलं माझं शेवटचं वाक्य हे. तुमचं शेवटचं वाक्य दुसऱ्याच माणसाबद्दल. तुम्ही तसेच होतात, आणि हेच मला सहन होत नाही.

तर ही पहिली बैठक. मी ठरवून आले होते की आज खेळ संपवायचा. तुमच्या ओट्यावर उभी राहून मी म्हटलं, "भाऊंना जाऊन महिना व्हायचाय. त्यांचं बावखल वाचवायचं तर आता मोजायचं. बावखल राहावं असं वाटतं त्यांनी हात वर करा." हात वर झाले. रोझीवहिनींचा झाला, सावकाश. दामोदर सोडून सगळ्यांचे. झालं होतं माझं काम! इतक्या वर्षांनी माझ्या बाजूला असं बहुमत होतं, आणि बघा, मला त्याचा आनंद होत होता.

दामोदर भांडलाही नाही. उठून ओट्याखाली चपला शोधायला लागला. एक पायात घातली. म्हणाला, "झालं ना तुमचं? मंग मी जातो." आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता थकलेला होता, माझ्यासारखाच. आणि तो घरी चालला होता. मला तुमचा तो बंद दुकानासमोरचा माणूस दिसला. हा माझा नाइलाज आहे, इनासभाऊ. तुम्ही माझ्या डोक्यात नको ती माणसं आणून बसवून ठेवली आहेत.

मी म्हटलं, "दामोदर, बसा. काही झालेलं नाही."

"हात तर वर झाले."

"खाली करा रे हात," मी म्हटलं. "बसा तुम्ही. टेम्पोचं बोलू या. टेम्पो कुठे उभा राहील याबद्दल आपण कोणी आजवर बोललेलोच नाही."

तो बसला. टेम्पोवर बोललो. शाळेच्या मागची जागा निघाली, ती नाही जमली. चर्चच्या आवाराबद्दल फादरना विचारून बघू, असं कोणीतरी म्हणालं. पायलबाय म्हणाली तिची पडवी काढली तर होईल, तिचा मुलगा नाही म्हणाला. अंधारायला लागलं आणि सगळे उठले. दामोदरने हो म्हटलं नाही. मी घरी येऊन स्वतःला शिव्या घातल्या. उद्या डंपर आत आले तर लोक तुम्हाला नाही, मला विचारतील. तुम्ही मात्र सुटलात. तुम्ही जिंकलात असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं मत अजूनही तेच आहे, डोकी मोजावीत.

हे लिहीत बसले होते, आज रविवार, सकाळ. पुढच्या बैठकीला कोण बोलावणार हे कोणाला सुचलंच नव्हतं, कारण खोका फक्त तुम्ही वाजवायचात. आणि इतक्यात तो वाजायला लागला. सावकाश नाही. धाड धाड धाड, न थांबता. धोका.

पेन टाकून धावले. सगळी आळी धावली. बादल्या, दोर, कोणी उशी घेऊन, पायलबाय एका पायात चप्पल. कधीच बैठकीला न येणारे इमारतीतले नवे लोकसुद्धा खाली उतरले, तुमच्या रोझीवहिनी अनवाणी. कुठे आग नाही, कुठे पाणी नाही. आंब्याखाली दामोदर घामाघूम होऊन खोका बडवत होता.

"काय झालं? कुठे झालं?" मी किंचाळले.

तो थांबला. बादल्यांकडे बघितलं. "काय झालं म्हंजे? बैठक हाय ना? कोनी बोलवत नव्हता, मी वाजवला."

"अहो हे धोक्याचे ठोके! बैठकीचे सावकाश असतात!"

"आपल्याला काय म्हाईत," तो म्हणाला. "माज्या कानात बसलेला तो एकच, पान्याच्या दिवशीचा. आई खुर्चीत होती."

कोणी हसलं नाही, भाऊ. दामोदरने काठी खाली ठेवली, कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मी अजून हो म्हनलेलो नाय. आदीच सांगतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "चला ओट्यावर."

वहिनींनी कढई चढवली आहे. केळी मी माझ्या वाडीतली आणायला घरी आले, तेवढ्यात हे पूर्ण करतेय. सगळे बादल्या उलट्या करून त्यावर बसलेत, ओटा पुरला नाही. निघते. दामोदर वाट बघतोय.